डॉक्टरसाहेबांचा केसपेपर

"सर, तुम्हाला रात्री झोप कशी लागते?" रूपालीनं विचारलं.

"कालवड किती दिवसांपासून खाईना?" डॉक्टर कल्याण म्हस्के म्हणाले. अर्थात तिला नव्हे, समोरच्या शेतकऱ्याला.

हिवरखेडीच्या जनावरांच्या दवाखान्यात हा प्रकार एकवीस दिवस चालला होता. रूपाली जालन्याला समाजकार्य शिकत होती. वर्गातल्या इतर पोरींना फील्डवर्कला कुणाला बालगृह मिळालं, कुणाला वृद्धाश्रम. हिच्या वाट्याला आलं जनावरांच्या डॉक्टरांचं आणि कर्मचाऱ्यांचं मनःस्वास्थ्य. घरी मस्तगडला वडील म्हणाले होते, "म्हंजे ढोरं बरी करणाऱ्याला तू बरं करनार? कर बाई."

रोज पहाटे पाचला उठायचं, मंठ्याकडची एसटी धरायची आणि खिडकीला डोकं टेकायचं. बाहेर धुक्यात तुरीची शेतं तरंगायची, बैल ढगातून चालल्यासारखे दिसायचे, आणि आपण जागे आहोत की झोपेत हे दवाखाना येईपर्यंत तिला नक्की कळायचं नाही.

आज मात्र ती टक्क जागी होती. उद्या शनिवारी कॉलेजातल्या बाईंना डॉक्टरांच्या मुलाखतीचा चोवीस प्रश्नांचा फॉर्म भरून दाखवायचा होता. नाही दाखवला तर सगळं फील्डवर्क पुढच्या वर्षी पुन्हा. आणि फॉर्ममध्ये आतापर्यंत फक्त डॉक्टरांचं नाव होतं, तेही तिनंच लिहिलेलं. बरं, माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. तीन दवाखान्यांचा कारभार एकट्यावर, त्यात लसीकरण, त्यात आडवेळी अडलेल्या गाई. ते उभ्याउभ्या डुलकी घेत तेव्हा रूपालीचा जीव तुटायचा.

म्हणून काल जाताना तिनं परिचर मच्छिंद्रला गाठलं होतं. "मामा, सर बोलत नाहीत. तुम्हीच त्यांच्यावर लक्ष ठेवा. खातात किती, झोपतात किती, चिडतात किती, दिसेल ते लिहून ठेवा."

"त्यात काय! बावीस वर्षं त्येच करून राह्यलो," मच्छिंद्र म्हणाला.

तिथंच घात झाला. बावीस वर्षांत मच्छिंद्रनं कुणाचंही दुखणंखुपणं एकाच कागदावर लिहिलं होतं, तो म्हणजे केसपेपर. डॉक्टरांचंही त्यानं त्यावरच लिहिलं आणि हाताच्या सवयीनं कागद टेबलावरच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. जनावर घरी आणि मालक दवाखान्यात, अशांचे कागद त्या गठ्ठ्यात असत. डॉक्टर वरची नावगावं बघतच नसत, थेट लक्षणांवर उतरत.

"चारा कमी. पाणी कमी. कळपापासून लांब उभा राहतो," डॉक्टर अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी वाचू लागले. "उभ्यानं झोपतो. जवळ गेलं की फुरफुरतो. अरे मच्छिंद्र, किती दिवस झाले ह्याला?"

मच्छिंद्रनं मान उंचावून कागद पाहिला. "झाले की सायेब, सात-आठ म्हैने."

"आन् आता सांगतोस? मालक कामाला जुंपतो का अजून?"

"रोज. तीन ठिकानी."

"तीन ठिकाणी!" डॉक्टर ताडकन उठले. रूपालीनं कागद ओळखला. "सर, तो कागद..." ती म्हणाली, पण ऐकतो कोण? डॉक्टरांनी रागारागानं लिहिलं: आजपासून काम बंद. सावलीत ठेवणे. पातळ आहार तीन वेळा. जवळ गोंगाट नको. कुणी ओरडू नये. खाली सही, सहीवर शिक्का.

"मालकाला सांग, जसंच्या तसं झालं पायजे. न्हाई तर हे जनावर एक दिवस बसंल ते उठायचं न्हाई! नाव काय त्या मालकाचं?"

"सरकार," मच्छिंद्र म्हणाला.

"कोण सरकार?"

"सरकार म्हंजे सरकार, सायेब. आपलं. महाराष्ट्राचं."

डॉक्टरांनी कागदाच्या माथ्याकडं पाहिलं. जनावर: नर. वय: त्रेचाळीस. रंग: गव्हाळ.

"फाड तो कागद," डॉक्टर म्हणाले.

"काहून फाडता?" दारातून झुंबरबाई कडाडली. ती शेळीला जंताचं औषध पाजायला आली होती. "मागल्या साली माझ्या म्हशीला धा दिस बांधून ठिवायला लावलं. म्या म्हनलं पाच दिस बास. तं तुमीच म्हनले, लिव्हलेलं म्हंजे लिव्हलेलं!"

"बराबर हाय!" बाहेरची रांग म्हणाली. त्या रांगेतल्या प्रत्येकानं कधी ना कधी औषध अर्धवट सोडल्याबद्दल डॉक्टरांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. अशी संधी कोण सोडतो! कुणी कडुलिंबाखाली बाज टाकली, कुणी ज्वारीची आंबील आणली. तातडीचं कुणी नाही याची मच्छिंद्रनं रांगेत फिरून खात्री केली.

"बरं, दोनच मिनिटं," डॉक्टर हताशपणे म्हणाले आणि आडवे झाले.

गोंगाट नको म्हणून त्यांचा फोन झुंबरबाईनं काढून घेऊन कनवटीला लावला होता. तो वाजला. "सायेब न्हाई बोलत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "जनावर बसलंय... कोन्तं? नर हाय. सरकारीच हाय... न्हाई, आज उठवायचं न्हाई." पलीकडून वरच्या ऑफिसातल्या साहेबांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

दोन मिनिटांचे तीन तास झाले. लिंबाची पानं डॉक्टरांच्या शर्टावर पडत राहिली, रांग कुजबुजत पांगली. रूपाली बाजेशेजारी स्टुलावर फॉर्म घेऊन बसून राहिली. हा माणूस किती दिवसांनी झोपतोय या विचारानं तिला भरून आलं, आणि उद्याच्या धास्तीनं तिनं फॉर्मचे कोरे रकाने पुन्हा मोजले.

चारच्या सुमाराला डॉक्टरांनी डोळे उघडले. वरच्या फांद्यांकडं बघत, कुणी न विचारता ते बोलू लागले. "पहिली गाय माझ्या हातात गेली ना, त्या दिवशी मी..."

एकवीस दिवस ती याच वाक्याची वाट बघत होती. तिनं पेन उघडलं. आवाज संथ होता, सावली गार होती, पहाटे पाचची ती उठलेली होती. गाय तुरीच्या शेतातून आली, धुक्यात चालत तिच्याजवळ थांबली, डॉक्टरांच्या आवाजात काहीतरी सांगू लागली. रूपाली मान डोलावत राहिली. मग मान नुसतीच खाली गेली.

ती दचकून उठली तेव्हा उन्हं कलली होती. अंगावर मच्छिंद्रची शाल होती, मांडीवर फॉर्म नव्हता.

"सर! अहो, माफ करा, मी झोपले! तुम्ही बोलत होता आणि मी..." तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "संपलं माझं वर्ष."

"काहून संपतंय?" डॉक्टर बाजेवर बसून तिचा फॉर्म गुडघ्यावर धरून लिहीत होते. चेहरा निवळला होता. "दीड तास बोललो मी. लई हलकं वाटलं. तू एकदाबी मधी विचारलं न्हाई, की मग तुम्हाला कसं वाटलं!"

त्यांनी फॉर्म तिच्या हातात दिला. तेवीस उत्तरं गच्च भरलेली होती, कडेच्या मोकळ्या जागेतसुद्धा. चोविसावा प्रश्न होता: तुमचं म्हणणं शांतपणे ऐकून घेणारं कुणी आहे का?

डॉक्टरांनी लिहिलं होतं: आहे. तिला उठवू नये.