केटल हार्बरचे अधिकृत तापमान

व्हर्नर कांगसने दुकानाच्या छपरावर विजेची पाटी चढवली, कळ दाबली आणि 'गरम पास्टी' ही अक्षरे लाल दिव्यांत उजवीकडून डावीकडे पळू लागली. त्या रूपात पाटी दुपारच्या जेवणापर्यंत टिकली. जेवणाच्या वेळेला डेला बर्टोला आली.

डेला केटल हार्बरची झोनिंग अधिकारी; कुठे काय बांधायचे, कसली पाटी लावायची, याचे नियम ती बघे. गाव एवढे लहान की हे काम ती आठवड्यातले दोन दिवस करी आणि उरलेले दिवस ग्रंथालय सांभाळी. दोन्ही ठिकाणी तिचा आवाज सारखाच हळू होता, आणि दोन्ही ठिकाणी लोक त्याला घाबरत.

"व्हर्नर, ते काय आहे?"

"पाटी."

"ते दिसतंय. ती पळतेय."

"पाटी जागेवरच आहे. अक्षरं पळतायत."

"मेन स्ट्रीटवर पळती अक्षरं चालत नाहीत. चर्चला चालतात, शाळेला चालतात. तू दोन्हीपैकी काय आहेस?"

"काहीच नाही," भटारखान्यातून लेम्पीचा आवाज आला. लेम्पी ही व्हर्नरची बायको. "चर्चमध्ये झोपतो आणि शाळेतही झोपायचा."

व्हर्नरने बर्फात घालायचे बूट काढले, पुन्हा घातले. पाटी त्याने बंद पडलेल्या बँकेच्या लिलावातून आणली होती, आणि लेम्पीला न विचारता आणली होती. दोन वर्षांपूर्वी सरकारने महामार्ग टेकडीवरून नेला. खाली तळ्याकाठी मेन स्ट्रीट आहे, तिथे खाण-कामगारांच्या काळापासून मांस, बटाटा, कांदा आणि सलगम भरून भाजलेली, करंजीच्या आकाराची पण दोन्ही हातांनी धरावी लागणारी पास्टी मिळते, हे परक्या माणसाला कळायला तेव्हापासून काही मार्गच उरला नव्हता. गावातली माणसे खात होती, पण गावात माणसे किती? ईस्टरपर्यंत बघू, नाहीतर भट्टी विकून ग्रीन बेला मुलीकडे जाऊ, असे लेम्पीने ठरवले होते. व्हर्नरनेही मान हलवली होती. आणि मग गुपचूप पाटी आणली होती. छपरावरच्या खांबावर ती लावली की थेट महामार्गावरून दिसे.

"तिसरा अपवाद आहे एक," डेला म्हणाली. तिलाही तळ्याकाठच्या बंद दुकानांची यादी पाठ होती. "वेळ आणि तापमान. लोकहिताची माहिती. बँक तेच दाखवायची. तू तेवढंच दाखव. खायच्या पदार्थाचं नाव दिसलं की ती जाहिरात झाली, मग दंड. जास्त काही हवं असेल तर मार्चमध्ये गावच्या झोनिंग बोर्डापुढे ये आणि नियमातून सवलत माग."

"वेळ बघून कोण पास्टी खायला येणार?"

"ते माझ्या खात्यात येत नाही," डेला म्हणाली, आणि दोन पास्टी बांधून घेऊन गेली.

*

तापमानासाठी पाटीसोबत एक यंत्र आले होते. लांब वायरीच्या टोकाला बोटाएवढी कांडी. ती बाहेर भिंतीवर लावायची. व्हर्नरने उत्तरेच्या भिंतीला लावली; संध्याकाळी छपरावरचा बर्फ घसरून ती गाडली गेली. पूर्वेला लावली, रस्ता साफ करणाऱ्या गाडीने उडवलेल्या ढिगाऱ्यात ती गेली. दुकानाभोवती हिंडून त्याने नीट पाहणी केली. सगळीकडे कमरेएवढा बर्फ आणि मागच्या भिंतीला मात्र एका ठिकाणी ओला, काळा, स्वच्छ दगड. व्हर्नरला आनंद झाला, आणि कांडी त्याने तिथे लावली. इथे बर्फ टिकत नाही, एवढे त्याने पाहिले. का टिकत नाही, हे वर मान करून पाहायला तो विसरला. वर भिंतीतून भट्टीचे धुराडे बाहेर आले होते.

दुसऱ्या दिवशी उजाडताना केटल हार्बरचे तापमान शून्याखाली आठ होते. पाटीवर ब्याऐंशी होते; फॅरनहाइटमध्ये ब्याऐंशी म्हणजे ऐन उन्हाळा.

"व्हर्नर," पहिले गिऱ्हाईक भुवयांवरचा बर्फ झाडत म्हणाले, "मी पोहायची चड्डी घालून यायला हवं होतं का?"

"बिघडलंय. दुरुस्त करतो."

"नको रे. बऱ्याच दिवसांनी गावात चांगली बातमी आहे."

दिवसभर हेच चालले. टपालवाल्याने थंड लिंबूपाणी मागितले. शाळेतल्या मुलांनी पाटीकडे बोट दाखवून कोट घालायला नकार दिला. व्हर्नर दुपारी शिडी घेऊन मागे निघाला, तेव्हा लेम्पीने त्याला दारात अडवले.

"थांब. आकडा बघितलास?"

"तेच तर. चुकीचा आहे."

"आत्ता बघ. चव्वेचाळीस. सकाळी घाणा काढला तेव्हा ब्याऐंशी होता. मी आता दुसरा काढते. तू रस्त्यावर उभा राहून बघ."

व्हर्नर रस्त्यावर उभा राहिला. लेम्पीने भट्टीचे दार उघडले, गरम हवा धुराड्यातून बाहेर पडली. आकडा पन्नास झाला, साठ झाला, पंच्याहत्तरवर जरा रेंगाळला आणि ऐंशीच्या वर गेला. समोर गाडी पुसत असलेल्या माणसानेही तो पाहिला, फडके बोनेटवर टाकले आणि तो सरळ दुकानात शिरला.

आठवडा संपायच्या आत सगळ्या गावाला पाटी वाचता येऊ लागली. चाळीस म्हणजे थांबा. साठ म्हणजे बूट घाला. ऐंशी म्हणजे पळा. तळ्यावर बर्फाला भोके पाडून मासे धरत बसणारे दुर्बीण घेऊन बसू लागले. रस्ते साफ करणाऱ्या गाड्यांचे चालक एकमेकांना रेडिओवर "गावात उन्हाळा आलाय" एवढेच सांगत आणि पाच मैलांवरून गाड्या वळत. रांगेत पास्टीवर ग्रेव्ही घ्यायची की केचप हा जुना वाद नव्या जोमाने सुरू झाला. आणि महामार्गावरून जाणारे परके लोक, एवढ्या थंडीत ब्याऐंशी कुठे, म्हणून फोटो काढायला खाली उतरू लागले. उतरले की त्यांना वास येई.

व्हर्नर मात्र अस्वस्थ होता. "लेम्पी, हे खोटं आहे."

"खोटं काय? आकडा अगदी बरोबर आहे. आपल्या धुराड्याचा आहे."

*

तक्रार केली ती आर्डिथ ओसियरने. समोरचे मोटेल तिचे.

"माझी गिऱ्हाइकं सकाळी पडदा बाजूला करतात," ती डेलाला म्हणाली. "ब्याऐंशी बघतात. बनियनवर बाहेर जातात. आणि मग आत येऊन माझ्यावर ओरडतात! कालचा तर दक्षिणेकडचा, मिसूरीचा होता. त्याच्या मिशा गोठून मोडायला आल्या होत्या."

डेलाने नियम पुन्हा वाचला. 'सद्यःकालीन तापमान' एवढेच त्यात होते. कशाचे, कुठले, हे लिहायचे कुणाला सुचले नव्हते. तिने प्रकरण बोर्डापुढे ठेवले, आणि व्हर्नरचा सवलतीचा अर्जही त्याच संध्याकाळी घेतला.

मार्चमध्ये केटल हार्बरला करमणूक नसते. सभागृह भरले. अध्यक्ष होते हार्लन ट्रेम्बाथ, गावच्या शाळेतले गणिताचे निवृत्त शिक्षक. सभागृहातल्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी नापास केले होते. एरवी 'व्हर्नर' म्हणणारे ट्रेम्बाथ बोर्डाच्या टेबलाशी बसले की 'मिस्टर कांगस' म्हणत, आणि व्हर्नर शाळेतल्यासारखा उठून उभा राही.

"मिस्टर कांगस, सवलत हवी तर नियमामुळे तुमची अडचण होते, हे सिद्ध करावं लागतं. धंदा अडचणीत आहे का?"

व्हर्नर फिनिश वंशाचा होता. त्या लोकांत दुःख चारचौघांत सांगणे वाईट, आणि सुख सांगणे त्याहून वाईट.

"तसं काही म्हणता येणार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे धंदा चांगला आहे?"

"छे, तसंही म्हणता येणार नाही."

"मग कसा आहे?"

"चाललंय."

"'चाललंय' हे अडचणीत धरायचं की नाही?" इतिवृत्त लिहिणाऱ्या डेलाने विचारले. बोर्डाचे सभासद एकमेकांकडे पाहू लागले.

शेवटी लेम्पी उठली. "मी सांगते. ईस्टरनंतर भट्टी विकायची, असं आम्ही नाताळात ठरवलं होतं. मी हे गावात कुणाला बोलले नव्हते." मागे कुणीतरी टोपी काढली.

"आणि आता?" ट्रेम्बाथांनी विचारले.

लेम्पी खोटे बोलणारी नव्हती. "आता भट्टी पुरत नाही."

"म्हणजे अडचण नाही." ट्रेम्बाथांनी चष्मा सारखा केला. "वाईट वाटतं, मिसेस कांगस, पण नियमाप्रमाणे सवलत देता येत नाही." मते घेतली गेली. अर्ज एकमताने नामंजूर झाला. व्हर्नरने लेम्पीचा हात धरला. तो पिठाने खरखरीत आणि गार होता. आपल्या पाटीने धंदा वाचवला, आणि धंदा वाचला म्हणून पाटीची सवलत गेली, हे गणित त्याला शाळेतल्या कुठल्याही गणिताइतकेच अवघड वाटले.

"आता तापमानाचं. मिस्टर कांगस, ती कांडी धुराड्याखालून काढून उघड्यावर लावा."

"कुठे लावू, सर? भिंतीला लावली की छपराचा बर्फ येतो."

"खांब रोवा."

"जमीन गोठलीय. मेपर्यंत पहार जात नाही."

सभागृहात संमतीची कुजबुज झाली. छपरावरून घसरणाऱ्या बर्फाबद्दल केटल हार्बरमध्ये मत नसलेला माणूस नाही. एकाने उतरत्या पत्र्याची बाजू घेतली, दुसऱ्याने पत्र्यामुळे आपली सासू कशी गाडली गेली ते सांगितले. सासू तिथेच बसली होती, ती म्हणाली, "गाडली गेले नाही, मला ढकललं होतं." ट्रेम्बाथांना तीनदा टेबल वाजवावे लागले.

"म्हणजे मेपर्यंत कांडी तिथेच राहणार," आर्डिथ उठून म्हणाली, "आणि माझी गिऱ्हाइकं उघडी हिंडणार!"

"नाही." ट्रेम्बाथांचा चेहरा बदलला. हा चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा होता. फळ्यावर अर्धवट उत्तर दिसले की ते असे दिसत. "या गावाला मी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली. नुसता आकडा म्हणजे उत्तर नव्हे. ब्याऐंशी! ब्याऐंशी काय? कशाचं? कुठलं? पुढे लिहिलं नाही तर गुण शून्य. मिस्टर कांगस यांनी आकड्याशेजारी तो कशाचा आहे, कुठे मोजलाय आणि केव्हा वाढतो, हे संपूर्ण लिहावं. परक्या माणसाची दिशाभूल होता कामा नये. आणि महामार्गावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहावं, कारण फसतात ते तिथून येणारेच."

"बरोबर!" आर्डिथ म्हणाली. "मोठ्या अक्षरांत!"

अट एकमताने मंजूर झाली. ट्रेम्बाथांना आपण काय केले ते कळले होते की नाही, यावर गावात अजून दोन मते आहेत.

*

दुसऱ्या दिवशी डेला मजकूर घेऊन आली. व्हर्नरने तो वाचला आणि खुर्चीवर बसला.

"'कांगस यांच्या पास्टीच्या भट्टीचे तापमान. मेन स्ट्रीट, तळ्याकाठी. आकडा ऐंशीच्या वर म्हणजे ताजा घाणा निघाला आहे.' डेला, यात पास्टी आहे."

"असणारच. भट्टी पास्टीची आहे."

"तूच म्हणालीस ना, पदार्थाचं नाव म्हणजे जाहिरात?"

"ही जाहिरात नाही. बोर्डाची अट आहे. यातला एक शब्द गाळलास तर मी दंड करीन."

"आणि हे सगळं मावणार कसं?"

"मावणार नाही. पळवावं लागेल," डेला शांतपणे म्हणाली. "बोर्डाने वाचता आलं पाहिजे असं म्हटलंय. कसं, ते म्हटलेलं नाही."

"पण एवढं मोठं आमचं नाव? लोक काय म्हणतील, कांगसांच्या डोक्यात हवा गेली?"

"व्हर्नर," लेम्पी दारातून म्हणाली, "कायदा पाळायला लाजतोस?"

त्या संध्याकाळी अक्षरे पळू लागली. टेकडीवरून पहिली गाडी उतरली ती विस्कॉन्सिनच्या नंबराची. आतल्या बाईने काच खाली केली आणि विचारले, "ऐंशीच्या वर आहे ना अजून? आम्ही वाटेत पेट्रोलला थांबलो होतो." ईस्टरनंतर भट्टी विकत घ्यायला येणार असलेल्या परगावच्या माणसाला लेम्पीने फोन करून नको म्हणून सांगितले. मुलीलाही फोन केला, आणि ईस्टरला तुम्हीच इकडे या म्हणाली.

एप्रिलच्या सुरुवातीला आर्डिथ ओसियर ग्रंथालयात आली. एकही पुस्तक न घेता ती डेलाच्या टेबलाशी उभी राहिली.

"माझ्या मोटेलात सौना आहे, ती घाम काढायची गरम खोली," ती म्हणाली. "आत एकशे सत्तरपर्यंत जातं."

"ऐकलंय."

"त्याचा आकडा मी बाहेर लावला, नुसता आकडा, तर लोकांची दिशाभूल होईल. हो ना?"

"नक्कीच होईल."

"मग कुणीतरी तक्रार करेल. आणि बोर्ड मला कडक अट घालेल. मोठ्या अक्षरांत."

"शक्य आहे," डेला म्हणाली. "पण तक्रार करायला कुणीतरी हवं."

"व्हर्नरला विचारलंय. आधी नको नको म्हणत होता, कुणाचं वाईट बोलायची सवय नाही म्हणे. पण लेम्पीने समजावलं." आर्डिथने खिडकीतून पाटीकडे पाहिले. आकडा अठ्ठ्याहत्तर होता. "हा घाणा निघाला की तो येतोच आहे, माझ्याविरुद्ध तक्रार करायला. बस ना, मी पास्टी आणते तोवर. तुला ग्रेव्ही की केचप?"