दोन भाषा आणि डोमाजीचा चहा

दारव्ह्याच्या धम्मरत्नला दोन परक्या भाषा एकदम शिकायची बुद्धी झाली ती खेमसिंगमुळे. खेमसिंग त्याच्याच ऑफिसातला. तो घरी बंजाऱ्यांची गोरबोली बोलतो, बाजारात वऱ्हाडी आणि कापसाच्या व्यापाऱ्याशी अशी हिंदी, की व्यापारी आपणहून भाव वाढवतो. टपरीवर तो सहज म्हणाला, "तुह्याजवळ एकच भाषा हाय न बे." धम्मरत्न त्या दिवशी जेवला नाही. (जेवला, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही.)

मोबाइलवर त्याला एक व्हिडिओ सापडला: जॉर्जियन सोपी की उइघुर? या भाषा कुठे बोलतात हे त्याला ठाऊक नव्हतं. दारव्ह्यात कोणालाच ठाऊक नसणार, म्हणजे चुका काढणारं कोणी नाही, हा विचार त्यानं आधी केला. मग मात्र गडी खरंच गुंतला. जॉर्जियन म्हणजे काकेशसच्या डोंगरातली. अक्षरं अशी गोल, की कढईत जिलब्या सोडल्यात. जवळच्या दोन-चार बोली सोडल्या तर तिला जगात नातेवाईक नाहीत. (धम्मरत्नला हे फार सुखाचं वाटलं.) उइघुर मध्य आशियातली, तुर्कीच्या गोतातली, तिला नातेवाईकच नातेवाईक. ती उजवीकडून डावीकडे लिहितात, क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं आणि किताब, दुनिया, दोस्त ही मंडळी तिथंही भेटतात. जॉर्जियनमध्ये पाण्याला जो शब्द आहे तो म्हणताना घशात बोराची आठोळी अडकते. आणि दोन्हींत तो, ती, ते ही भानगडच नाही.

सगळ्यात भारी म्हणजे साखर. जॉर्जियनमध्ये शाकारी, उइघुरमध्ये शेकेर! एवढ्या लांबच्या दोन भाषा, पण साखरेपाशी दोघी दारव्ह्याला येऊन भेटतात. धम्मरत्नचे डोळे भरून आले. त्यानं हे बायकोला, नलूला, सांगितलं. शिवाय जॉर्जियन लोक बापाला मामा म्हणतात हेही सांगितलं.

"हे डोमादादासमोर बोलू नका," नलू म्हणाली. "आदीच त्याले मामाचा मान पुरला नाई. आता बापाचा मागन."

डोमाजी म्हणजे नलूचा थोरला भाऊ, मुकुटबनचा. भाचीच्या, म्हणजे नलूच्या वर्षाच्या लग्नात चहा आधी वरपक्षाला गेला, मग फोटोवाल्याला, मग बँडवाल्यांना आणि सगळ्यात शेवटी मुलीच्या मामाला, तोही गार. तेव्हापासून डोमाजी या घराची पायरी चढला नव्हता. नलूनं फोन करकरून, रडून त्याला कसंबसं राजी केलं होतं. तो म्हणाला होता, "चहापुरता येतो. चहा पाहून पुढचं ठरवतो."

येण्याच्या दिवशी सकाळी नलू भाजी आणायला बाहेर पडली आणि धम्मरत्नला वाटलं, शब्द पाठ करायचे तर वस्तूंवरच चिकटवावेत. स्वयंपाकघराच्या फळीवर नलूच्या आंदणातले स्टीलचे डबे ओळीनं उभे होते, सगळे एका साच्यातले. डावीकडून पहिला साखरेचा, उजवीकडे शेवटचा मिठाचा. झाकणांवर जॉर्जियन चिठ्ठ्या लागल्या. मग पोटांवर उइघुर लावायला घेतलं आणि तो थबकला. ही भाषा तर उजवीकडून सुरू होते! मग पहिला डबा डावीकडे कसा चालेल? शास्त्र म्हणजे शास्त्र. त्यानं अख्खी ओळ उलटी लावली. साखर उजव्या टोकाला गेली, मीठ डावीकडे आलं.

नलू परतते तोच शेअर जीपमधून डोमाजी उतरला. एका हातानं "जयभीम" म्हणाला (दुसरा हात मान मिळाल्यावर निघणार होता) आणि खुर्चीच्या कडेवर बसला, उठायला सोपं जावं म्हणून. नलूनं आधण ठेवलं. डोळे भावाच्या तोंडावर, हात फळीवर. वीस-पंचवीस वर्षांत त्या हाताला डोळ्यांची गरज पडली नव्हती. डावीकडून पहिला डबा, सढळ हातानं चार चमचे.

डोमाजीनं पहिला घोट घेतला. त्याच्या मिशा थांबल्या.

"नले," तो शांतपणे म्हणाला, "लग्नात गार देल्ला होता. आज खारा."

नलूनं फळीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तिचे डोळे भरून आले होते आणि ते साखरेच्या कौतुकानं नव्हते. डोमाजी पिशवी उचलायला वाकला.

"दादा, बसा," धम्मरत्न म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण कुठून आला ते त्याला कळलं नाही. "हा साधा चहा नोहे. उइघुर लोकाईत दुधाच्या चहात मीठ टाकतात. मानाच्या पाहुण्याले असाच देतात." (मीठ टाकतात हे खरं. मानाचं त्यानं पदरचं घातलं.)

डोमाजी वाकलेलाच थांबला. "फोटोवाल्याले देतात का असा?"

"नाव नका काढू. त्याले साखरेचा."

"अन् बँडवाल्याले?"

"त्यालेही साखरेचाच."

डोमाजीनं पिशवी खाली ठेवली. खुर्चीच्या कडेवरून पाठीपर्यंत सरकला. दुसरा घोट घेतला, डोळे मिटले, आणि कप रिकामा करून पुढे केला. "घाल अजून. अन् जवाईबुवालेही भर. मानाचं एकट्यानं पेऊ नाई."

नलूनं भरला. काठोकाठ.

चहापुरता आलेला डोमाजी आठवडाभर राहिला. सकाळ-संध्याकाळ दोघं समोरासमोर बसून मानाचा चहा प्यायचे. नलू आत गोड चहा घ्यायची, फुरके मारत, बाहेर ऐकू जाईल असे.

तो गेल्यावर सोमवारी खेमसिंगनं टपरीवर विचारलं, "मंग, काय शिकला दोन भाषाईत?"

"शाकारी. शेकेर," धम्मरत्न म्हणाला आणि टपरीवाल्याकडे वळला, "भाऊ, दोन चमचे जास्त टाकजो."

टपरीवाला हसला. "वहिनीचा फोन आलता सकाळीच. तुमच्यासाठी मीठ वेगळं काढून ठेवलं हाय."