भिंतीवरचा पाणवठा

एका जंगलात, बाळांनो, पाणवठा नव्हता. पण पाणवठा विकास कार्यालय होते. ते ऐन पाणवठ्यातच बांधले होते, म्हणून तर पाणवठा नव्हता. नाही कळले? हरकत नाही, त्या कार्यालयातही कुणाला कळले नव्हते.

पाणी आणायचा हत्तीमामा. डोंगरापलीकडच्या नदीवरून, पाठीवर दोन पिंपे लादून, दिवसाला एक फेरी.

त्याच जंगलात कुमुद नावाची एक खवलेमांजर राहत होती. ती कॉम्प्युटरवर चित्रे जुळवायची. इकडचा फोटो काप, तिकडचा काप, शेजारी शेजारी बसव, आणि भलेमोठे चित्र फ्लेक्सवर छापून सरकारी भिंतीवर लाव. कार्यालयाच्या भिंतीचे काम तिलाच मिळाले.

कुमुदने बिळोबिळी फिरून जुन्या पाणवठ्याचे फोटो गोळा केले. एक सांबराच्या लग्नातला, एक माकडांच्या सहलीतला. प्रत्येकातले निळे पाणी तेवढे कापून घेतले आणि जोडून जोडून भिंतभर पाणवठा केला. काठावर आपल्या आईचा तरुणपणीचा फोटो बसवला, वाकून पाणी पितानाचा. आई आता म्हातारी झाली होती आणि हत्तीमामाच्या वाटीभर पाण्यावर दिवस काढत होती.

"हे बघून तरी साहेबांना लाज वाटेल," कुमुद म्हणाली.

भाबडी होती बिचारी, पण आपण हसायचे नाही.

हसले ते कार्यालयाचे तरससाहेब. उद्घाटनालाच आले होते. "वा! पाणवठा भरला की! लिहा अहवालात. आणि त्या हत्तीच्या फेऱ्या आजपासून बंद."

"अहो साहेब, ते चित्र आहे!"

"म्हणूनच तर बरं, कुमुदबाई. खरा असता तर उन्हाळ्यात आटला असता."

फेऱ्या बंद झाल्या. आई पहाटे गवतावरचे दव चाटू लागली. दुपारी तिची जीभ टाळ्याला चिकटायची. कुमुदला आपल्याच हातांचा भयंकर राग आला. इतके चांगले चित्र करायला सांगितले होते कुणी?

आता रोज सकाळी ती भिंत पुसायचे कामही तिच्याच गळ्यात होते. एका सकाळी ती फडके घेऊन गेली, आणि काखेत एक गुंडाळी. पाण्याच्या काठाकाठाने तिने भेगाळलेल्या चिखलाची पट्टी बेमालूम चिकटवली. असले फोटो काढायला तिला काही लांब जावे लागले नव्हते. चित्रातले पाणी हातभर उतरले. पुढच्या सकाळी आणखी हातभर.

तिसऱ्या सकाळी शिपाई कोल्हा धापा टाकत आत गेला. "साहेब, घात झाला! पाणवठा आटतोय!"

खरा पाणवठा बुजवला तेव्हा कार्यालयातली खुर्चीसुद्धा हलली नव्हती. आता तातडीची बैठक बसली. अहवालात भरलेला पाणवठा आटला म्हणजे बदली ठरलेली, हे साहेबांना पक्के ठाऊक होते. त्यांचे हसू प्रथमच मावळले.

"बोलवा त्या हत्तीला! भिंतीवर पाणी मारा! दिवसातून तीन वेळा!"

हत्तीमामा आला. सोंड भरून त्याने भिंतीवर असा काही फवारा मारला की विचारू नका. फ्लेक्सवर पाणी ठरते होय? सगळे घरंगळून खाली आले आणि भिंतीच्या पायथ्याशी छान डबके साचले. सांबरे आली, माकडे आली. कुमुदची आई काठी टेकत आली, आपल्याच तरुण फोटोखाली वाकली आणि पोटभर पाणी प्याली. कुमुदच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले.

"भरला का?" साहेबांनी खिडकीतून विचारले.

कुमुदने डोळे पुसले. "थोडा कमीच वाटतोय, साहेब."

तेव्हापासून ती कधी बोटभर चिखल काढते, कधी दोन बोटे चढवते. भिंत पुरती भरू मात्र देत नाही.

तात्पर्य: बाळांनो, आपल्याला तहान लागली आहे असे कार्यालयात कधीही सांगू नये. भिंतीला लागली आहे, असे सांगावे.