ओट्यामागची ओल

"तुम्ही स्वतः रांधून जेवताय हे डोळ्यांनी बघेन, तरच चिलीच्या वेधशाळेत जाईन," असं संचितानं फोनवर ठणकावलं होतं. म्हणून हरिहररावांनी ती यायच्या तोंडावर शेजारच्या मंदाकिनीबाईंकडून वाफाळता आमटीभात आणला आणि आपल्या पातेल्यांत ओतून ओट्यावर मांडला. बायको गेल्यापासून त्या घरात धड चहासुद्धा झाला नव्हता. भूकच मेली होती बिचाऱ्यांची. पण आपल्यापायी पोरीची वेधशाळा हुकावी, हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं.

संचिता मानपाड्याला त्यांच्या घरी आली ती व्याख्यानासाठी मागून आणलेला कॅमेरा घेऊन. तिनं कचऱ्याच्या काळ्या पिशवीत हात घातला, तर पडद्यावर पाची बोटं पिवळी दिसली.

"शेजारच्या आकाशगंगेत धुळीचे ढग आहेत बाबा. त्यात नुकतेच जन्मलेले तारे दडलेत. साध्या दुर्बिणीला दिसत नाहीत, म्हणून इन्फ्रारेडनं आम्ही त्यांची ऊब शोधतो. हा कॅमेराही तसाच. ह्यात गरम ते पिवळं, गार ते निळं."

झालं. बापाचा ऊर भरून आला आणि अक्कल गहाण पडली. त्यांनी शेजारी हाक मारली, "वहिनी, या बघायला, आमची पोरगी काय करते ती."

मंदाकिनीबाईंनी पिशवी बघितली, ताऱ्यांना हात जोडले आणि मुद्द्यावर आल्या. "अगं, मग आमच्या भिंतीतली ओल पण दिसेल ना? प्लंबरनं दोनदा फोडलं, सापडेना. तुमच्या ओट्यामागूनच मुरतंय बघ."

"आधी जेवून घेऊ," हरिहरराव घाईघाईनं म्हणाले.

"एक मिनिटाचं काम आहे बाबा." संचिता स्वयंपाकघरात शिरलीसुद्धा. मंदाकिनीबाईंना आपली आमटी आठवली ती उंबऱ्यात, आणि तोवर व्हायचं ते झालं होतं.

पडद्यावर भिंतीतला ओघळ निळा दिसत होता. ओट्यावरची पातेली पिवळीधमक. शेजारची शेगडी मात्र भिंतीइतकीच निळी.

हरिहररावांनी लेकीच्या खांद्यामागून सगळं बघितलं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संचितानं पाठमोरीच कॅमेरा बंद केला. मग म्हणाली, "बाबा, शेगडी तापलीय अजून. हात नका लावू, भाजेल."

"मग... जाशील ना?"

"जाईन की. नीट जेवताय तुम्ही."

हरिहररावांना रडू आवरेना. ते तोंड धुवायला मोरीत गेले. मंदाकिनीबाई मान खाली घालून दाराकडे निघाल्या, तशी संचितानं त्यांचा हात धरला.

"काकू, बाबांना आमटीत गूळ जरा जास्त लागतो," ती हळूच म्हणाली. "आई घालायची."