दावं मालकाकडे

जुनी गाडी घेताना काय काय बघायचं, याचे इतके व्हिडिओ सुकदेवने बघितले होते, की गाडी नसतानाही तो झोपेत क्लच दाबायचा. गंज बघायचा, टायर बघायचे, धूर कसला येतो ते बघायचं. गाडीही साधी नव्हती हं! मागे लांबच लांब, घरातलं अंथरूण-पांघरूण मावेल एवढी डिकी. धुळ्याचे निवृत्त मास्तर बन्सीलाल सर ती विकणार होते.

एवढी लांबडी गाडी हवी होती ती दिपमालासाठी. सुकदेवची बायको दिपमाला म्हणजे अमळनेरकडच्या लग्नाकार्यांतली मांडे करणारी. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत हा एवढा मोठा करायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. बघणारे पंगत विसरायचे. पण रिक्षातून नेताना रस्त्यातले खड्डे खापरांचे जीव घ्यायचे. मागच्या लग्नात तर मांडवाच्या दारातच खापर फुटलं, आणि मांड्यांच्या जागी पुऱ्या बघून नवरदेवाच्या मावशीने अख्ख्या मांडवाला ऐकवलं. दिपमालाला ते फार लागलं होतं. आता तिच्याकडे एकच खापर उरलं होतं, आईने दिलेलं, वर्षानुवर्षं तापून काळंभोर झालेलं. आज संध्याकाळी अमळनेरला साखरपुड्याचे मांडे होते. हे फुटलं, तर पुन्हा कोणी बोलावणार नव्हतं.

म्हणून ती एसटीत खापर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन धुळ्याला आली होती. येताना गाडी घ्यायची आणि तिथूनच परस्पर साखरपुडा गाठायचा.

"गाडी कशी शे, ते मना खापरले इचारा," ती म्हणाली. "ते साबूत पोचनं, का गाडी चांगली."

सुकदेवच्या मनात आणखी एक बेत होता, तो त्याने कोणाला सांगितला नव्हता. मित्रमंडळी डिकीत कोंबायची आणि तापीकाठी भरीत पार्टीला जायचं.

सोबतीला सुकदेवचे काका रुपचंद नाना होते. नानांची हयात बैलबाजारात गेलेली. मोटारीतलं त्यांना काही कळत नव्हतं, पण तशी शंका त्यांना कधी आली नाही.

"बैल म्हना का मोटर म्हना, दखानी रीत एकच शे," असं म्हणत त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, मागून दोन थापा दिल्या, आणि बॉनेट उघडून वाकून बघितलं.

"काय बघताय?" सरांनी विचारलं.

"दात."

सर हसले, पण नाना हसले नाहीत. सुकदेव टायरची नक्षी मोजत होता. सर बिचारे सरळ मनाचे, स्वतःहून म्हणाले, "एकच सांगतो, किल्लीचं भोक जरा ढिलं झालंय. चालू गाडीतूनही किल्ली निघून येते. बाकी तक्रार नाही."

व्हिडिओत किल्लीबद्दल काही नव्हतं, म्हणून सुकदेवने ते कानाआड केलं.

"आते चाकं बांध," नाना म्हणाले. "चाकं जाम करीसन जनावर वढस का नही, हाऊच खरा इम्तिहान."

बाजारात बैल घेताना गाड्याची चाकं बांधून त्याला जुंपतात, हे खरंच. पण नानांनी हँडब्रेक कचकन वर ओढला आणि सुकदेवला गाडी चढावर घ्यायला लावली. गाडी कण्हली, कुंथली, मागच्या चाकांतून जळका वास आला, आणि तरी ती चढली.

"अहो, अहो!" करत सर मागे धावले.

"पास!" नाना गरजले. "दमदार शे जनावर!"

मग भाव. नानांनी उपरणं काढून सरांच्या हातावर टाकलं आणि खालून त्यांची बोटं धरली. बैलांचा भाव असाच होतो, उपरण्याखाली, बोटं दाबून. सरांना यातलं ठाऊक नव्हतं. नानांनी एकेक बोट दाबलं की ते कळवळून "हो, हो, हो!" म्हणायचे, आणि भाव खाली यायचा. सह्या झाल्या, नारळ फुटला. अमळनेरात कुठे उतरणार ते दिपमालाने सरांना सांगितलं, खापर गोधडीसकट डिकीत ठेवलं, सुकदेवने गाडी सुरू करून मागचं दार दाबून लावलं आणि सगळे निघाले.

पेट्रोलचा काटा पार झोपला होता. पंप आला. पंपावरचा माणूस म्हणाला, "गाडी बंद करा."

सुकदेवने किल्लीकडे हात नेला. तिथे नुसतं भोक होतं.

"किल्ली कोठे गई?"

"दावं मालकले दिधं," नाना शांतपणे म्हणाले. "तू दार लावत व्हता तव्हय काढी लिधं. जनावर लेवानं, दावं लेवानं नही. त्यामा मालकनी लक्ष्मी ऱ्हास."

"नाना! ते दावं नही, किल्ली व्हती!"

"मंग? जेन्हावर जनावर थांबस, ते दावंच."

गाडी थरथरत उभी होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. मागे हॉर्न वाजायला लागले. पंपावरचा माणूस हात जोडून म्हणाला, "भाऊ, चालू गाडीत पेट्रोल नाही टाकत. आधी इथून काढा."

सुकदेवने सरांना फोन लावला, तर रिंग त्याच्याच सीटखाली वाजली. झालं! सरांचा मोबाइल गाडीतच राहिला होता. गाडी उलटी फिरवली. दारात सरांच्या पत्नी यशोदाबाई उभ्या.

"अगं बाई, तुम्ही परत? ते तर तुमच्याच मागे गेले, अमळनेरच्या एसटीने! हातात किल्ली, मोबाइल गाडीत. किती वेळ तर नुसते किल्लीकडेच बघत बसले होते."

"चाल अमळनेर!" नाना म्हणाले, जणू हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

सुकदेव घामाने निथळत होता. "बंद पडनी ते गेलो आपुन. पुन्हा कशी चालू करसू?"

"हळू हाका, ललितना बाप," मागून दिपमाला नवऱ्याला म्हणाली. मागच्या सीटवरून वाकून तिने डिकीतल्या खापराला मिठी मारली होती. "मना खापरले धक्का लागाले नको."

अर्ध्या वाटेत, दोन्ही बाजूंना कपाशी आणि चिटपाखरू नाही अशा जागी, गाडीने एक उचकी दिली आणि थांबली. आपोआप. पेट्रोल संपलं.

"दखा," नाना म्हणाले, "थांबनी का नही?"

सुकदेवला रडावं की नानांना उतरवून द्यावं, ते कळेना. तेवढ्यात त्यांच्याच गावचा झिपरू मोटारसायकलवरून आला आणि त्याने बाटलीभर पेट्रोल दिलं. पण नुसत्या पेट्रोलने काय होणार? उन्हं उतरायला लागली होती. साखरपुड्याच्या घरून दिपमालाला फोन आला, "मावशी, चूल पेटवली, कुठे आहात?"

दिपमालाचा चेहरा पडला. नवरदेवाची ती मावशी तिला आठवली. ती तरातरा पुढे आली.

"सरका!"

तिने पिशवीतून मांड्यांचं उलथणं काढलं, त्याच्या दांड्याचं चपटं टोक त्या भोकात खुपसलं आणि पोळी उलटावी तसा मनगटाला झटका दिला. घुर्रर्र! गाडी सुरू झाली. सुकदेवने पुन्हा स्टिअरिंग धरलं आणि गाडी अमळनेरकडे काढली.

मांडवाच्या दारात बन्सीलाल सर किल्ली उंच धरून उभेच होते. दिपमाला त्यांच्याकडे न बघता डिकीकडे धावली. गोधडी सोडली, बोटाने टक् टक् वाजवलं. खापर खणखणीत! तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या रात्री मांडे असे झाले, की सर पंगतीत बसले ते उठेनात.

शेवटी त्यांनी किल्ली लावून बघितली. ती कुठे फिरतेय! उलथण्याने भोकाचा पार कायापालट झाला होता.

"मी सांगेल नही?" नाना म्हणाले. "दावं मालककडेच ठेवा."

सर किल्ली आणि चार मांडे घेऊन धुळ्याला गेले.

पुढच्या रविवारी सुकदेवच्या मित्राचा, तोतारामचा फोन आला. भरीत पार्टी, सगळे जमलेत, लांबडी गाडी घेऊन ये. सुकदेव केस विंचरून चुलीपाशी आला.

"ललितनी माय, उलथणं दे ना जरा."

दिपमालाने खापरावरचा मांडा सावकाश उलटला.

"आते? हातमा काम शे ना."

"मंग कव्हय?"

"लगीनसराई सरू द्या."

सुकदेव भरीत खायला एसटीने गेला.