न मारलेली लाथ

"दाजीकाकाने देवीच्या वारुळाला लाथ मारली, म्हणून तुमचे माजघर कोसळले." आमच्या पावसच्या भाऊबंदांत ही हकिगत आजही लग्नामुंजीत चवीने सांगितली जाते. सांगणाऱ्यांपैकी एकही जण तेव्हा तेथे हजर नव्हता. मी होतो. तेव्हा आता जरा माझे ऐका.

दाजीकाका आमचे शेजारी. त्यांना वाळवीचा ध्यास होता, हे मी नाकारीत नाही. कोणाच्याही घरी गेले की यजमानाला रामराम करण्याआधी ते खांबाला कान लावीत आणि बोटाच्या पेराने ठोकीत. जेवायला बसण्यापूर्वी पाट वाजवून पाहत. एकदा सत्यनारायणाची कथा ऐन रंगात असताना ते खांबाला कान लावून उभे राहिले. भटजी थांबले, तर म्हणाले, "तुमचं चालू द्या हो, मी ह्याचं ऐकतोय." कोणाचे दार अडू लागले, भिंतीवर मातीची बारीक नळी चढली, दिव्याखाली पंखांचा सडा पडला, की काका न बोलावता हजर! त्यांचे निकाल दोनच: "भरीव आहे" आणि "पोकळ आहे". माझे लग्न ठरत असताना माझ्या पाठीवरही बोटे वाजवून त्यांनी मुलीच्या वडिलांना सांगितले, "भरीव आहे. द्या मुलगी."

मुंबईस बोटीने जा-ये करण्याचे ते दिवस. एका उन्हाळ्यात आमच्या माजघरातल्या मधल्या खांबापाशी मातीचा उंचवटा वर आला. घरात वारूळ उठणे म्हणजे देवीचे पाऊल, अशी आमच्याकडची श्रद्धा. आईने हळदकुंकू वाहिले. आळीतल्या बायका खण-नारळ घेऊन आल्या. वडील वारल्यापासून आई त्याच खांबाशी अंथरूण घालीत असे.

काका आले, त्यांनी खांब ठोकला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, पोकळ आहे. वरच्या तुळईचा भार आता कोणावर?"

"देवीवर. भावजी, तिथं हात लावायचा नाही."

"देवीला कोण उठवतंय? तुम्ही तेवढ्या उठा."

"मी नाही हलायची! आणि तुम्हांला देवीचं काय कळणार? तुमच्या घरी आली असती, तर झोडपून काढली असतीत!"

उपरणे सावरून काका वारुळापुढे वाकले, हात जोडले. मग आईचे अंथरूण स्वतः गुंडाळून त्यांनी ओटीवर नेऊन टाकले आणि त्यावर ठाण मांडून बसले. "शिव्या द्या, वहिनी, पण निजायचं इथंच." आईने शिव्या भरपूर दिल्या, निजू मात्र ओटीवर लागली.

पुढे वादळी वारा सुटला. पहाटे तो खांब बसला आणि तुळईसकट सारे माजघर खाली आले. आईची उशी जिथे असायची तिथे कौलांचा ढीग होता.

आई त्यानंतर पुष्कळ वर्षे जगली. माझी मुले तिच्या मांडीवर वाढली. हे ज्याचे उपकार, त्याच्या नावावर कोणी लाथ खपवू लागला तर मी गप्प बसणार नाही.

भाऊबंदांचे त्यावर उत्तर तयार असते: "तुझी पाठ वळल्यावर मारली असेल." ठीक.

पडझड आवरल्यावर आईने नारळ देऊन मला काकांकडे धाडले. आल्यागेल्याला काका ओटीवरच बसवीत. काकू गेल्यापासून त्यांच्या उंबऱ्याच्या आत कोणी पाऊल टाकलेले नव्हते. हाकेला ओ आली नाही, म्हणून मी आत गेलो. स्वयंपाकघरातला खांब वाळवीने पार खाल्लेला, छपराला बांबूंचे टेकू, आणि खांबापाशी कमरेएवढे वारूळ. काका त्याच्यासमोर बसले होते. मला पाहून ओशाळले.

"तुझ्या काकूनं ह्याला पहिलं कुंकू लावलं होतं रे," ते म्हणाले. "मग मोडायचं कसं?"

मी नारळ त्यांच्या हाती दिला. त्यांनी तो वारुळापुढे ठेवला.

लाथेची हकिगत सांगणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: त्या वारुळावरचे कुंकू त्याच सकाळचे होते, अजून ओले.