वाघमहाराजांची हिरवळ

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. फक्त हिरवळ नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, जंगल म्हटलं की हिरवं असणारच. हिरवं पुष्कळ होतं. पण हिरवळ म्हणजे वेगळी गोष्ट. ती सपाट असते, एकसारखी असते आणि तिच्यावर कोणाला चालू देत नाहीत.

या जंगलाच्या राजाने, वाघमहाराजांनी, रानाच्या कडेच्या एका बंगल्यापुढे अशी हिरवळ पाहिली. पाहिली आणि त्यांना आपल्या गुहेपुढच्या उताराची लाज वाटू लागली. उतारावर करवंदीच्या जाळ्या, कुसळी गवत, वारुळं आणि गुडघाभर पालापाचोळा. खाली पायथ्याशी पाणवठा. साऱ्या जंगलाचं पाणी तिथे.

"आमच्या दारात हे असलं?" महाराज म्हणाले आणि त्यांनी पिसेसाहेबांना बोलावलं.

पिसेसाहेब म्हणजे मोर. चार पावसाळे शहरातल्या बागेत काढून आलेले. त्यांनी उतारावर एक चक्कर मारली, चिमूटभर माती उचलली, डोळे मिटले आणि म्हणाले, "माती आजारी आहे."

आजवर ती आजारी आहे हे कोणाला माहीत नव्हतं. मातीलाही नव्हतं.

उपचारांसाठी अधिकारी हवा होता. मातीचा अनुभव कोणाला, असं महाराजांनी विचारलं, तेव्हा सगळ्यांनी खंडूकडे पाहिलं. खंडू म्हणजे रानडुक्कर. जन्मभर माती उकरलेला, चिखलात लोळलेला. त्याला कोणी कधी "बसा" म्हटलं नव्हतं. त्या दिवशी महाराज म्हणाले, "बसा, खंडेराव." खंडू बसला, आणि त्याला पुन्हा उठावंसं वाटेना.

मृदासुधार अधिकारी, असं त्याचं पद ठरलं. अट एकच होती. अधिकाऱ्याने चिखलात लोळायचं नाही.

पहिलं काम साफसफाईचं. लेंड्या, पालापाचोळा, वारुळं, सगळं माकडांनी डोंगरापलीकडे नेऊन टाकलं. करवंदीच्या जाळ्या उपटायचं काम मात्र खंडूच्याच सुळ्यांचं होतं. एकेक जाळी निघताना मुळांना लटकून ढेकूळभर माती वर येई आणि तिथला उतार भुसभुशीत होऊन खाली घसरे. खंडूला ते कळत होतं. खंडेरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"मुळं काढली तर माती कशाला थांबेल तिथे?" घरी त्याच्या बायकोने, भागीने विचारलं.

"ते पिसेसाहेब बघतील."

"आणि तुम्ही काय बघणार?"

"मी पिसेसाहेबांकडे बघणार," खंडू म्हणाला, आणि न जेवता झोपला.

मग हिरवळीच्या वळकट्या आल्या. सतरंजीसारख्या उतारावर उलगडल्या. महाराज खूश झाले. पंधरवड्यात हिरवळ पिवळी पडली.

"मातीत कस नाही," पिसेसाहेब म्हणाले. "भूसंजीवनी घालावी लागेल."

पोती आली. खंडूने एक फोडलं आणि वास घेतला. त्याचं नाक कधी चुकत नसे.

"साहेब, हा तर आपलाच पाला आहे. आपल्याच लेंड्या. इथूनच उचलल्या होत्या."

"तेव्हा तो कचरा होता, खंडेराव. आता पोत्यात आहे."

खंडूने मान डोलावली. अधिकारी झाल्यापासून त्याची मान फार छान डोलू लागली होती.

पोती रिकामी झाली, हिरवळ जरा हिरवी झाली आणि तेवढ्यात वळवाच्या सरी आल्या. उतारावर ओघळ पडले. पाण्याबरोबर माती वाहून जाते, त्याला, मुलांनो, धूप म्हणतात. पिसेसाहेबांनी धूप थांबवायला काथ्याची मोठी जाळी आणवली आणि उतारावर पसरून खुंट्या ठोकल्या. जाळी सुंदर होती. पण खुंट्यांना धरून ठेवायला खाली काही नव्हतं, हे खंडूने पायानेच ओळखलं. आडवे दगडी बांध घालावेत, करवंदी पुन्हा लावाव्यात, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं.

दरबारात महाराजांनी त्यालाच विचारलं, "खंडेराव, थांबेल ना माती?"

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. पिसेसाहेब पिसं चोचीने साफ करत होते. खंडू ज्या दगडावर बसला होता तो उन्हाने छान उबदार झाला होता.

"जाळी फार चांगली आहे, महाराज," खंडू म्हणाला.

आषाढात एका दुपारी उतारच सुटून निघाला. हिरवळ, जाळी, खुंट्या, भूसंजीवनी, सगळं एकदम खाली आलं आणि पाणवठ्यात जाऊन बसलं. काठाशी भागी पिल्लांना घेऊन लोळत होती.

खंडू धावला. पद, अट, काही त्याच्या लक्षात राहिलं नाही. छातीइतक्या चिखलात शिरून त्याने नाकाने, सुळ्यांनी, खुरांनी उकरलं. भागी निघाली. तिच्या पोटाखाली दडलेली पिल्लं निघाली. सगळ्यात धाकटं शेवटी निघालं, शिंकलं आणि रडू लागलं. खंडू तिथेच चिखलात बसला.

"आता मी सांगू का महाराजांना?" भागी म्हणाली.

"नको. माझं मी सांगतो."

पण महाराज गुहेत पावसाळाभर पडून होते, कोणाला भेटत नव्हते. ते बाहेर आले तेव्हा भाद्रपद सरला होता. पाणवठा गाळाने काठोकाठ बुजला होता आणि त्या गाळावर गवत उगवलं होतं. दाट, सपाट, एकसारखं. महाराज खाली उतरले, त्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"पिसे, ही खरी हिरवळ."

"दुसरा टप्पा, महाराज," पिसेसाहेब म्हणाले. "उतारावर होता तो पहिला."

खंडू पुढे झाला. अंगावरचा चिखल त्याने मुद्दाम तसाच ठेवला होता. "महाराज, इथे पाणवठा होता. माती थांबणार नाही हे मला माहीत होतं. मी बोललो नाही. आता जंगलाला पाणी नाही."

महाराजांनी डोळे उघडले.

"इतकी जाण असलेला अधिकारी आम्ही नुसत्या मातीत वाया घालवला," ते म्हणाले. "खंडेराव, आजपासून पाणीटंचाई खातं तुमचं. बसा."

पिसेसाहेबांनी सरकून जागा करून दिली. गवत मऊ होतं. खंडूने मागे पाहिलं. भागी पिल्लांना पुढे घालून डोंगरापलीकडच्या नदीच्या वाटेला लागली होती. धाकटं मात्र थांबून बापाकडे बघत होतं.

खंडू बसला.

तात्पर्य: मुलांनो, खरं नेहमी बोलावं. थोडं उशिरा बोललं, तर बढतीही मिळते.